कल्याणची मुलगी, फिलाडेल्फियाचं कपाट

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मी मुलुंडला राहतो. म्हणजे माझं अर्धं आयुष्य कल्याणच्या गाडीची वाट बघण्यात गेलं आहे. इंडिकेटरवर ‘के’ हे अक्षर दिसलं की आपण डब्याच्या अंदाजाने दोन पावलं पुढे सरकतो आणि एवढ्यावरच कल्याणशी आपला संबंध संपतो. बोरीबंदरहून ठाण्याला १८५३ मध्ये सुरू झालेली आगगाडी पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ रोजी, कल्याणला पोचली. त्यानंतर अकरा वर्षांनी, ३१ मार्च १८६५ रोजी, त्या गावच्या गणपतराव जोशींना मुलगी झाली. नाव यमुना. नवव्या वर्षी तिचं लग्न झालं आणि नवऱ्याने नाव बदलून आनंदी ठेवलं. पुढची गोष्ट तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. कादंबरी वाचली असेल, नाटक पाहिलं असेल, २०१९ साली आलेला सिनेमाही पाहिला असेल. म्हणून ती गोष्ट मी पुन्हा सांगत बसणार नाही. मला बोलायचं आहे ते तिच्या पत्रांबद्दल. ती पत्रं कुठे राहिली, कुणी ठेवली आणि का ठेवली.

काही वर्षांपूर्वी माझ्या भाच्याने मला संगणकावर एक कागद दाखवला. हाताने लिहिलेलं इंग्रजी पत्र. तारीख २८ जून १८८३, ठिकाण अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातलं रोझेल नावाचं गाव. फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजच्या वतीने काम पाहणाऱ्या अल्फ्रेड जोन्स यांना लिहिलेला हा प्रवेशाचा अर्ज. लिहिणारी अठरा वर्षांची, अमेरिकेत पाऊल ठेवून तिला चोवीस दिवस झालेले. ७ एप्रिलला कलकत्त्याहून निघालेली ही मुलगी ४ जूनला न्यूयॉर्कला उतरली होती, आणि महिना पुरा व्हायच्या आत अर्ज टाकून मोकळी झाली.

आपण अर्ज कसा लिहितो? ‘वरील विषयास अनुसरून’ पासून ‘कळावे’ पर्यंत, मान खाली घालून. या अर्जात विनंती आहे, पण मान खाली नाही. आप्तांचा आणि जातीचा विरोध पत्करून मी इथवर आले, तो निश्चयच मला पुढे नेईल, असं ती सांगते. माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून इलाज करून घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला शिकायचं आहे, असं लिहिते. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला होता आणि तो दहा दिवसांत गेला होता, हे ज्याला माहीत आहे त्याला त्या ओळी वाचताना थांबावं लागतं. मी थांबलो. भाच्याला वाटलं इंटरनेट अडकलं.

हे पत्र आजही आहे. कॉलेजचं नाव बदललं, पुढे ते दुसऱ्या संस्थेत विलीन झालं, त्या संस्थेचंही रूपांतर झालं, आणि आज त्याचा सगळा वारसा फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या अभिलेखागारात आहे. १८५० साली, बायकांना डॉक्टर करणं हा चेष्टेचा विषय असताना, सुरू झालेली ती संस्था. पण तिने आपले कागद टाकले नाहीत. कोण आलं, कोण नापास झालं, कुणी काय लिहिलं, सगळं फायलींत लावून ठेवलं. परदेशातल्या एका अनोळखी मुलीचा अर्जही त्यांनी टाकून दिला नाही. ती मोठी होणार आहे म्हणून तो ठेवला असं नाही हं. अर्ज ठेवायचा असतो म्हणून ठेवला.

आता जरा मागे जाऊ. मुळात ही मुलगी तिथे पोचली कशी? तर पत्रांमुळेच. तिचा नवरा गोपाळराव पोस्टात कारकून होता, आणि मला नेहमी वाटतं की ही गोष्ट आपण पुरेशी मनावर घेतलेली नाही. कल्याण, अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, अशा त्याच्या बदल्या होत राहिल्या. हिंदुस्थान १ जुलै १८७६ रोजी आंतरराष्ट्रीय टपाल संघात सामील झाला होता. देशोदेशीचं टपाल एका नियमाखाली आलं होतं. ज्याच्या हातून रोज शेकडो पाकिटं जातात त्याला जगाचा नकाशा वेगळा दिसत असणार. तालुक्याच्या गावी बसलेल्या कारकुनाला अमेरिका म्हणजे एक पत्ता आणि योग्य तेवढी तिकिटं, बस्स.

१८७८ साली कोल्हापुरातून गोपाळरावाने अमेरिकन मिशनऱ्यांना पत्र लिहिलं. बायकोला शिकवायचं आहे, अमेरिकेत काही सोय होईल का, मलाही काही काम मिळेल का? हे पत्र प्रिन्स्टनला विल्डरसाहेबांकडे गेलं. त्यांनी कोल्हापुरात मिशनचं काम केलेलं होतं आणि आता ते एक मासिक चालवत होते. उत्तर अपेक्षेप्रमाणे आलं. आधी ख्रिस्ताचा स्वीकार करा, मग बघू. त्यांनी गोपाळरावाचं पत्र आणि आपलं उत्तर, दोन्ही मासिकात छापून टाकलं. वाचकांना बोध व्हावा हा हेतू.

आणि मग तो प्रसिद्ध योगायोग. रोझेलच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसल्या होत्या. समोर पडलेलं मासिक चाळताना त्यांना ही पत्रं दिसली. आपण दवाखान्यात जुनी मासिकं चाळतो आणि नाव पुकारलं की टाकून उठतो. या बाई घरी गेल्या आणि त्यांनी हिंदुस्थानातल्या त्या मुलीला पत्र लिहिलं. हे १८८० चं साल. म्हणजे जो नकार छापला गेला त्या नकारानेच दार उघडलं. छापणाऱ्याच्या मनात असेल तेच छापील कागद करतो असं नाही.

पुढची तीन वर्षं ही पत्रं जात-येत राहिली. सण, लग्नं, सोवळं, दागिने, औषधं. आनंदी आजारी पडली तेव्हा कार्पेंटरबाईंनी औषधंसुद्धा पाठवली. एकमेकींना न पाहिलेल्या या दोघींचं नातं ठरलं ते मावशी-भाचीचं. आनंदी त्यांना मावशी म्हणू लागली. मला हे फार मराठी वाटतं. आपल्याकडे अनोळखी बाईला एकदम आई म्हणत नाहीत, मावशी म्हणतात. रिक्षातही म्हणतात.

पण पत्रांतलं सगळंच असं गोड नाही, आणि ती जपली जायला हवीत ती त्यासाठीच. गोपाळरावाबद्दल आपल्याकडे दोन कथा आहेत. एकीत तो बायकोला शिकवणारा थोर सुधारक आहे, दुसरीत तो विक्षिप्त छळवादी. अमेरिकेतून आनंदीने त्याला लिहिलेल्या एका पत्रात तिने स्वतःच याचा निवाडा केला आहे. तो पत्रांतून तिला टोचून बोलत होता, संशय घेत होता. तेव्हा तिने उत्तर दिलं. तुम्ही मला वागवलंत ते चांगलं की वाईट, हे ठरवणं अवघड आहे, असं ती म्हणते. शेवट पाहिला तर बरोबर होतं, मुलाच्या मनावर होणारा परिणाम पाहिला तर चूक होतं. आणि मग वर्षवार हिशेब मांडते. दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी मारलंत, बाराव्या वर्षी खुर्च्या-पुस्तकं फेकलीत आणि सोडून जाण्याची धमकी दिलीत, चौदाव्या वर्षी आणखी काही शिक्षा केल्यात. त्या त्या वयाला, शरीराला, मनाला ते सगळं जास्त होतं, असं शांतपणे लिहिते.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग येण्याऐवजी आश्चर्य वाटलं ते तिच्या न्यायबुद्धीचं. वीस वर्षांच्या आत-बाहेरची मुलगी, घरापासून समुद्रापार, अंगात आजार मुरत चाललेला. आणि ती नवऱ्याला सुळावर देत नाही, सोडूनही देत नाही. हे पत्र नसतं तर आपल्याकडे फक्त त्या दोन कथा उरल्या असत्या आणि आपण सोयीप्रमाणे एक निवडली असती.

११ मार्च १८८६ ला ती डॉक्टर झाली. पदवीदानाला पंडिता रमाबाई हजर होत्या. नोव्हेंबरात ती मुंबईला परतली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात तिची नेमणूक झाली होती, पण कामावर रुजू व्हायला शरीर उरलं नव्हतं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने ती गेली. बावीस पूर्ण व्हायला महिनाभर होता. तिची रक्षा अमेरिकेला मावशीकडे पाठवण्यात आली आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, ती ठेवली गेली. तीही टपालाच्या वाटेनेच गेली म्हणायची.

ती गेल्यावर वर्षभरात, १८८८ मध्ये, कॅरोलाइन डॉल या अमेरिकन लेखिकेने तिचं इंग्रजी चरित्र छापलं, आणि १८८९ मध्ये आपल्या काशीबाई कानिटकरांनी मराठी. काशीबाईंच्या पुस्तकाच्या नावातच ‘चरित्र व पत्रे’ आहे. मराठीत एका बाईचं चरित्र दुसऱ्या बाईने लिहायचं आणि पुरावा म्हणून तिची पत्रं पुढे ठेवायची, हे तेव्हा नवीन होतं. आपण त्या पुस्तकाची आठवण फारशी काढत नाही. शंभरेक वर्षांनी अंजली कीर्तने आणि मीरा कोसंबी या दोघींनी पुन्हा कागदांचा माग काढत काम केलं, म्हणून आज आपल्याला कादंबरीपलीकडची आनंदीबाई दिसते.

अमेरिकेत हे पत्र जपण्याचं वेड सगळीकडे आहे. आनंदी जन्मली तेव्हा अब्राहम लिंकन जिवंत होते, पंधरा दिवसांनी त्यांचा खून झाला. त्यांचे कागद मुलाने, रॉबर्टने, कितीतरी वर्षं स्वतःच्या ताब्यात ठेवले. शेवटी वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिले, पण एका अटीवर. माझ्या मृत्यूनंतर एकवीस वर्षं उघडायचे नाहीत. रॉबर्ट १९२६ मध्ये वारला आणि २६ जुलै १९४७ ला, म्हणजे आपल्याकडे फाळणीच्या रेषा आखल्या जात होत्या त्या दिवसांत, तिकडे लिंकनच्या पेट्या उघडल्या. त्यात सेनापतींची पत्रं होती, नोकरी मागणाऱ्यांची होती, शिव्याशापही होते. ग्रेस बेडेल नावाच्या अकरा वर्षांच्या मुलीने ऑक्टोबर १८६० मध्ये लिंकनना लिहिलं होतं की तुम्ही दाढी वाढवा, चेहरा बारीक आहे, बरं दिसेल. त्यांनी उत्तर दिलं आणि दाढीही वाढवली. त्या मुलीचं ते पत्र आज डेट्रॉइटच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहे. अध्यक्षाच्या पत्राइतकीच शाळकरी पोरीच्या पत्राचीही राखण करायची, ही सवय मला आवडते.

आपल्याकडे कागद नाहीत असं नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडीचे रुमालच्या रुमाल आहेत. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याच्या पुराभिलेखांत मी एकदा एका कवितेसाठी गेलो होतो. हसू नका, कवितेलाही कधी कधी पुरावा लागतो. सरकारी पत्रव्यवहार होता, जमिनीचे, जकातीचे, बंदोबस्ताचे कागद. साहेबाने साहेबाला लिहिलेलं सगळं होतं. मला हवी होती ती कोकणातल्या खलाशाच्या घरची एखादी ओळ. ती नव्हती. सरकार आपल्याला आलेली पत्रं ठेवतं, आणि खलाशाची बायको सरकारला पत्र लिहीत नाही.

याच अमेरिकेला, म्हणजे गुलामगिरी मोडणाऱ्या तिथल्या लोकांना, जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपलं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केलं होतं. पुण्यात बसून त्यांनी तिकडचा लढा आपला मानला. आणि त्यांच्या घरातली किती पत्रं आपल्याकडे आहेत? सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेली तीन. १० ऑक्टोबर १८५६, २९ ऑगस्ट १८६८ आणि २० एप्रिल १८७७. पहिली दोन नायगावहून, तिसरं जुन्नरच्या ओतूरहून. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९८८ मध्ये मा. गो. माळी यांनी संपादित केलेलं सावित्रीबाईंचं समग्र वाङ्मय काढलं, त्यात ती वाचायला मिळतात. दुसऱ्या पत्रात एका ब्राह्मण मुलाचा आणि महार मुलीचा जीव गावाच्या तावडीतून सोडवल्याची हकिकत आहे, तिसऱ्यात दुष्काळ आहे. संसारातली पत्रं, पण त्यांत संसार कमी आणि समाज जास्त.

पहिल्या पत्रात एक नाव आहे. फातिमा. सावित्रीबाई आजारी होऊन माहेरी गेल्या होत्या, शाळेचा भार मागे पडला होता. फातिमाला त्रास होत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचं एक वाक्य त्या लिहितात. तिचं घराणं, तिचं वय, ती काय शिकवायची, यातलं त्या पत्रात काही नाही. एक नाव आणि एक स्वभाव.

मी मुसलमान आहे आणि मराठीत लिहितो. तेव्हा ही फातिमा मला हवी आहे, हे उघड आहे. म्हणूनच मी तिच्याबद्दल जास्त जपून बोललं पाहिजे असं मला वाटतं. २०२५ च्या जानेवारीत तिच्यावरून मोठा वाद झाला. फातिमा शेख नावाची बाई नव्हतीच, असं एकाने म्हटलं. लगेच दुसरी बाजू हार-फुलं, तसबिरी आणि जयंतीची तारीख घेऊन उभी राहिली. मला दोघांनाही ते एक वाक्य दाखवावंसं वाटलं. नव्हतीच म्हणणाऱ्याला विचारावं, मग कुरकुर न करणारी ही कोण? आणि माझ्या लोकांना सांगावं, बाबांनो, एका वाक्यावर एवढी मोठी इमारत चढवू नका, पायाच खचेल. तिच्याबद्दल पक्कं हातात आहे ते हे, की तिच्या मैत्रिणीला आजारपणात तिची काळजी वाटली. आनंदीबाईंचा फिलाडेल्फियातल्या दोन मैत्रिणींबरोबरचा, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली यांच्यासोबतचा, प्रसिद्ध फोटो आहे. तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. त्याची तारीख १० ऑक्टोबर १८८५. सावित्रीबाईंच्या त्या पत्राला त्या दिवशी बरोबर एकोणतीस वर्षं झाली होती. इस्लामबुलीचं नाव, गाव, पदवीचं साल, सगळं तिथल्या अभिलेखागारात सापडतं. पुण्याच्या फातिमाचं एक अक्षर नाही.

का नाही, हे विचारायचा मला फारसा अधिकार नाही. आता ते सांगतो.

माझं लहानपण रत्नागिरी जिल्ह्यातलं. अब्बा कुवेतला होते. त्यांना उर्दू यायचं, मराठी लिहिता येत नव्हतं. अम्माला काहीच लिहिता-वाचता येत नव्हतं. मी मराठी शाळेत. तेव्हा व्यवस्था अशी होती की अब्बांचं उर्दू पत्र मशिदीतले मौलवीसाहेब अम्माला वाचून दाखवायचे, दाराबाहेर बसून. उत्तर अम्मा मला सांगायची आणि मी ते मराठीत एरोग्रामवर लिहायचो. तिकडे अब्बांच्या खोलीतला एक राजापूरचा माणूस ते त्यांना वाचून दाखवायचा. नवरा-बायकोच्या एका पत्रात आम्ही चार जण. अम्मा सांगायची, लिही, पैसे नकोत, तुम्ही या. मला दहा-अकरा वर्षांच्या पोराला ते लिहायची लाज वाटायची, राजापूरवाला वाचणार म्हणून. मी लिहायचो, पैसे मिळाले, सर्व खुशाल. आणि वाचून दाखवताना अम्माने सांगितलं होतं तेच वाचायचो. तिला कधी कळलं नाही.

ती पत्रं, म्हणजे अब्बांची आलेली आणि त्यांनी परतताना सोबत आणलेली माझी, एका पत्र्याच्या ट्रंकेत होती. १९९६ मध्ये आम्ही घाटकोपरची भाड्याची खोली सोडून मुलुंडला आलो. सामान कमी करायचं होतं. ट्रंक गंजली होती. मी रद्दीवाल्याला बोलावलं. वर्तमानपत्रं वेगळी, वह्या वेगळ्या, पत्रं वह्यांच्या भावाने गेली. तेव्हा माझा पहिला कवितासंग्रह छापायला गेला होता, आणि मी स्वतःला लेखक समजत होतो. अम्मा गॅलरीत बसली होती. तिने विचारलं, ते काय देतोस? मी म्हटलं, जुने कागद.

एक एरोग्राम वाचला आहे. शाळेच्या एका पुस्तकाला मी त्याचं कव्हर घातलं होतं, आणि ते पुस्तक माझ्या बहिणीकडे राहिलं. अब्बांचं आहे. उर्दू मला अजून अडखळत येतं, पण तेवढं मी लावलं. छपराच्या कौलांबद्दल आहे, आंब्याच्या कलमाबद्दल आहे. शेवटी माझ्यासाठी एक ओळ आहे. अक्षर सुधार, आणि तुझी आई सांगते ते सगळं लिहीत जा.